बारा घरांची वही

प्रश्न : मी बडोद्यात दांडिया बाजारला राहतो, एका कंपनीत लेखा विभागात आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, 78 टक्के. जेईईला हवे तेवढे गुण मिळाले नाहीत, म्हणून एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा बसवायचं ठरवलं आहे. अडचण तिच्या धरसोडीची आहे. पाच वर्षं व्हायोलिन शिकली, दहावीनंतर सोडलं. मग चित्रकला. आता दोन्हींचं मिळून काहीतरी. शोकेसच्या फुटक्या काचेवर तैलरंग लावते, बोटाने सरकवते, फोटो काढते, पुन्हा सरकवते. माझ्या फोनमध्ये त्याच त्या रंगाच्या डागाचे 564 फोटो निघाले. आठवडाभर एकच परदेशी ऑर्केस्ट्रा लावून बसली होती. त्याला ना चाल ना ठेका, शंभर माणसं वाद्यं जुळवत बसल्यासारखं. हिशेबाच्या वहीसारखी वही करून प्रत्येक ओळीत बारा घरं आखते आणि त्यात आकडे लिहिते. शेवटी दोन महिन्यांपूर्वी मी रंग, काच, व्हायोलिन, सगळं माळ्यावर टाकलं. तेव्हापासून ती घरात फारशी बोलत नाही, आणि अभ्यासही होत नाही. पुरावा म्हणून त्या फोटोंची तिने केलेली क्लिप जोडली आहे. एकाग्रता वाढवायला काय करावं? आणि सहा महिन्यांचा ॲनिमेशन सॉफ्टवेअरचा कोर्स लावून दिला तर हौस फिटेल का?

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी थांबले. ‘तेव्हापासून ती घरात फारशी बोलत नाही.’ माळा आणि अभ्यास यांच्या मध्ये, जाता जाता तुम्ही हे लिहून गेला आहात. सतरा-अठरा वर्षांची मुलगी दोन महिने गप्प आहे आणि तुम्ही मला एकाग्रतेचा उपाय विचारताय. मला तुमच्या मुलीच्या गुणांची काळजी वाटत नाही. या वाक्याची वाटते.

माळ्यावरचं सामान आज उतरवा. उद्या नको, आणि ‘अभ्यास केलास तर’ अशी अटही नको. काय बोलायचं ते सुचत नसेल तर काही बोलू नका, ते सामान तिच्या खोलीत ठेवून या. तुम्ही रागावून नाही, काळजीने हे केलंत, हे पत्रावरून दिसतं. पण तिच्या बाजूने पाहा. बापाने न विचारता तिची वस्तू उचलून ठेवली, आणि मग तिच्याबद्दल एका परक्या बाईला पत्र लिहिलं. त्या अख्ख्या पत्रात तिच्या तोंडचं एकही वाक्य नाही. ‘ती म्हणते की’ असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. तिने हे काय चालवलंय, हे तुम्ही तिला विचारलंत का? सामान परत मिळाल्यावरही पंधरा दिवसांत ती मोकळी झाली नाही, झोप-जेवण बिघडलेलं दिसलं, तर चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. त्यात कमीपणा मानू नका.

आता धरसोडीबद्दल. तुमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सिनेमात सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे फ्रेम, सरकतात. हाताने ॲनिमेशन करणारे बहुतेक जण एक चित्र दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. तुम्ही पाठवलेली क्लिप 47 सेकंदांची आहे. 47 गुणिले 12 करून पाहा. 564 येतात. तुमच्या फोनमध्ये जेवढे फोटो निघाले, तेवढेच. एकही वाया गेलेला नाही. आणि ज्या वहीवर तुम्ही वैतागला आहात, तिची एक ओळ म्हणजे एक सेकंद आणि एक घर म्हणजे एक चित्र. व्हायोलिन कुठे शिरतं, पितळी वाद्यं कुठे फुटतात, कुठे सगळं थांबतं, हे तिने ऐकून ऐकून त्या घरांत उतरवलं आहे. ॲनिमेशनच्या धंद्यात याला एक्सपोजर शीट म्हणतात. तुमच्या पत्रावरून तरी तिला हे कुणी शिकवलेलं दिसत नाही. गाण्याला सरळ ठेका असता तर गणित सोपं होतं. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर एका मात्रेला बरोबर 24 चौकटी भागिले दोन, म्हणजे 12 चौकटी येतात आणि मोजणी आपोआप होते. पण ज्या संगीताला तुम्ही ‘ना चाल ना ठेका’ म्हणता, तिथे असा आधार नसतो. आजचे पुष्कळ संगीतकार ऑर्केस्ट्राकडून सुरावट कमी आणि पोत जास्त वाजवून घेतात. पन्नास व्हायोलिनं एकच सूर हळूहळू दाट करत नेतात, जसा ओला रंग काचेवर पसरत जातो. ते मोजायला कानच लागतो, आणि तिचा तो कान पाच वर्षांच्या व्हायोलिनने तयार झाला आहे. म्हणजे व्हायोलिन सुटलेलं नाही, ते या वहीत आहे. चित्रकलाही याच वहीत आहे. तुम्ही आयुष्यभर वह्या लिहिता, तेव्हा इतकी नेटकी वही धरसोड करणाऱ्या माणसाकडून होत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. ज्या मुलीने 47 सेकंदांसाठी आठवडाभर एकच तुकडा ऐकला, तिच्या एकाग्रतेवर मी काय उपाय सांगू?

क्लिप मी कौतुकासाठी पाहिली नाही, तपासायला पाहिली. पहिले पंधरा सेकंद कच्चे आहेत. ढोलाचा ठोका पडला की निळा डाग उडी मारतो, पुन्हा ठोका, पुन्हा उडी. सगळे नवशिके हेच करतात आणि दहा सेकंदांत डोळा कंटाळतो. पण पुढे तंतुवाद्यं एका सुरावर थांबतात, तिथे तिने निळा हलवायचा थांबवला आणि काठाकडून गेरूचा एक धागा आत येऊ दिला. सूर बदलण्याच्या किंचित आधी. त्या जागी मी क्लिप मागे घेऊन पुन्हा पाहिली. ऑस्कर फिशिंगर या जर्मन कलावंताने 1947 साली बाख या जुन्या संगीतकाराच्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोवर पारदर्शक ॲक्रिलिकच्या पत्र्यावर तैलरंगात एक फिल्म केली. एक फटकारा मारायचा, एक चौकट टिपायची, असं महिनोन्‌महिने. त्यातही चित्र दर ठोक्याला नाचत नाही, संगीताच्या शेजारून आपल्या चालीने वाढत जातं. संगीत आणि चित्र एकमेकांचे हुकूम पाळू लागले की दोघंही लहान होतात. तुमच्या मुलीला हे तिसाव्या सेकंदाला कळलं आहे. पहिले पंधरा सेकंद तिने पुन्हा करावेत, असा माझा निरोप तिला द्या.

काचेवरच्या तैलरंगाचं काम अवघड असण्याचं कारण असं, की पुढचं चित्र काढताना मागचं पुसलं जातं. चुकलं तर परत फिरता येत नाही. रशियाचे अलेक्सांद्र पेत्रोव यांनी याच पद्धतीने ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही वीस मिनिटांची फिल्म केली. बहुतेक सगळं बोटांनी, 29 हजारांहून जास्त चित्रं, दोन वर्षांहून अधिक काळ. 2000 साली तिला ऑस्कर मिळालं. त्या कामात काचेपाशी त्यांच्या जोडीला त्यांचा मुलगा होता.

आणि हे खूळ बडोद्याला नवं नाही. दादासाहेब फाळके तुमच्याच गावच्या कलाभवनात चित्रकला शिकले, आणि पुढे 1915 साली काडेपेटीतल्या काड्या एकेक चौकट हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. ॲनिमेशनकार ईशू पटेल बडोद्याच्या एम. एस. विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत गेले, तिथून कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात. त्यांच्या दोन ॲनिमेशन फिल्मना ऑस्करचं नामांकन मिळालं.

म्हणून सॉफ्टवेअरचा कोर्स आत्ता नको. सॉफ्टवेअर ती गरज पडेल तेव्हा महिनाभरात शिकेल. डोळा आणि कान त्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. जेईईचा ड्रॉपही नको. स्वतः मागितलेला ड्रॉप कधी कधी फळतो, लादलेला फळताना मी पाहिलेला नाही. तिला इंजिनिअरिंगच करायचं असेल तर आहे त्या गुणांवर मिळेल तिथे जाऊ द्या, पण आधी विचारा.

परीक्षांचं थोडक्यात : एनआयडीची डॅट आणि आयआयटींच्या डिझाइनसाठी यूसीड, दोन्ही बारावीच्या कुठल्याही शाखेला खुल्या आहेत. एम. एस. विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला स्वतंत्र कल चाचणी असते. तिथे ॲनिमेशनची पदवी नाही, चित्रकलेची आहे, आणि तिचा हात पाहता मी तीच आधी सुचवेन. चार वर्षं घरी राहून होईल. पुढे एनआयडीला ॲनिमेशनचं पदव्युत्तर शिक्षण आहेच.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. हाताने रंगवलेल्या फिल्मना ऑर्केस्ट्राचं संगीत, अशी नोकरीची जाहिरात आपल्याकडे निघत नाही. या वाटेने जाणारी माणसं जाहिरातींचे स्टोरीबोर्ड करतात, मुलांची पुस्तकं रंगवतात, सिनेमांची श्रेयनामावली करतात, शिकवतात, आणि त्यातून वेळ काढून स्वतःची फिल्म करतात. पहिली काही वर्षं हात आखडता राहील. तुमच्या पगारात घर चालत असेल तर तिला ही वर्षं द्या. चालत नसेल तर तिला तसं स्पष्ट सांगा, आकड्यांसकट. माळ्यावर सामान टाकण्यापेक्षा तिला ते शंभर पटीने बरं वाटेल.

एक गोष्ट तिच्यासाठी. तिने वापरलेलं संगीत नेटवरून उतरवलेलं आहे. शिकताना चालेल, महोत्सवाला पाठवताना नाही. संगीतकाराचा हक्क आपल्या कायद्यात मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून वेगळा असतो. बाखचं संगीत मोकळं आहे, पण ते कुणी मुद्रित केलं असेल तर ते मुद्रण मोकळं असेलच असं नाही. तिने सूरसागर तलावासमोरच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत जावं. सयाजीरावांनी गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली 1886 ची गायनशाळा ती हीच. तिथे तिच्याच वयाची वाजवणारी मुलं भेटतील. ऑर्केस्ट्रा राहू दे. दोन व्हायोलिनं, एक सारंगी, एक तबला. एका मिनिटाचं नवं संगीत त्यांनी करावं, बारा घरांची वही हिने करावी, आणि 720 चित्रं.

ती वही घेऊन एका संध्याकाळी तिच्या शेजारी बसा आणि प्रत्येक घर काय आहे ते तिच्याकडून समजून घ्या. आणि काच नवी, जरा मोठी आणून द्या. क्लिपमध्ये जुन्या काचेच्या फुटक्या कडा दिसतात. बोटांनी काम करते ती, कडेला चारही बाजूंनी जाड टेप लावून द्या.