वर्ध्यातल्या जुन्या कवेलूच्या घराला लाकडी डेक, पर्गोला आणि कुंपण करायचं आहे. उन्हाळा सोसेल असं कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की घर आजोबांनी बांधलेलं, चुन्यातल्या विटांचं, वर कवेलू. पश्चिमेला मोकळी जागा आहे. तिथे भिंतीला बोल्ट मारून पर्गोला (खांबांवर पट्ट्यांचा मांडव), भिंतीला लागूनच डेक (लाकडी फळ्यांचा ओटा) आणि तिन्ही बाजूंनी सहा फूट पत्र्याचं कुंपण, असा बेत आहे. लाकूड शेतातल्या सागाचं. मी विदर्भात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे प्रश्न वाचून राहवलं नाही. बेत चांगला आहे, फक्त त्या भिंतीला काहीही अडकवू नका. पर्गोला, डेक, कुंपण, तिन्ही आपापल्या पायावर उभे राहू द्या.

कारण सांगतो. चुन्यातल्या जुन्या भिंतीत ड्रिल घातलं की आधी विटेची लाल भुकटी येते, मग हात एकदम सैल पडतो आणि भोकातून पांढरट चुना-वाळू गळायला लागते. तो विटांमधला सांधा. अँकर फास्टनर आवळला की तो फुगून आजूबाजूचा माल ढकलतो. काँक्रीटमध्ये या फुगण्यानेच पकड येते, पण जुन्या विटेत तडा जातो किंवा वीट सुटते. मिस्त्री म्हणेल, केमिकल भरून देतो, हलणार नाही. बोल्ट हलणार नाही हे खरं, पण त्याच्या भोवतालची भिंत हलेल.

दुसरं कारण जमिनीत आहे. तुमच्याकडे काळी माती असणार. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. तुमच्या घराचा पाया इतकी वर्षं टिकलाय, म्हणजे तो बहुतेक खाली मुरमावर टेकलेला आहे. नवीन खांब दोन फूट खड्ड्यात रोवले तर ते दरवर्षी मातीबरोबर वरखाली होणार. पर्गोल्याचं एक टोक हलत्या खांबावर आणि दुसरं न हलणाऱ्या भिंतीवर ठेवलं, तर दर पावसाळ्यात तो भिंतीला हिसका देत राहील. वर्ष-दोन वर्षांत भिंतीवर तिरपी भेग दिसते आणि लोक म्हणतात, घर जुनं झालं.

म्हणून खड्डे मुरूम लागेपर्यंत खणा. तीन-चार फुटांवर मुरूम लागला तर काम सोपं आहे: तळाशी काँक्रीट, वर जमिनीच्या बाहेर सहा इंच येईल असा दगडी किंवा काँक्रीटचा ठोकळा आणि त्यावर लोखंडी बूट, म्हणजे खांबाचं टोक धरणारी बैठक, बसवून लाकडी खांब. वाड्यांमध्ये प्रत्येक लाकडी खांबाखाली तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड, असतो, तो याचसाठी. लाकूड सर्वांत आधी कुजतं ते मातीला टेकलेल्या टोकाकडून, आणि वाळवीही तिथूनच चढते. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडला तर काँक्रीट आणि लाकूड यांच्यात बारीक फट पडते, तीत पाणी साचतं आणि आतल्या आत खांब पोखरला जातो. वरून रंग तसाच छान दिसत राहतो. काळी माती फारच खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, करतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच जमिनीसाठी विकसित केली. पण एवढ्या कामाला इंजिनिअर लागेल.

आता सावली. इंटरनेटवरच्या फोटोंमध्ये पर्गोला म्हणजे उंच खांब आणि वर विरळ पट्ट्या. तो आपल्या उन्हाला पुरत नाही. मेच्या चौथ्या आठवड्यात वर्ध्याला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. संध्याकाळी पाच वाजता तो क्षितिजापासून साधारण 23 अंशांवर उतरतो आणि पश्चिमेकडून जवळजवळ समोरून येतो. हिशेब करून बघा: पर्गोल्याची बाहेरची कड नऊ फूट उंच आणि भिंतीपासून दहा फूट पुढे असेल, तर पाच वाजता भिंतीचा खालचा साडेचार फूट भाग उन्हातच असतो. म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडावर ऊन आणि रात्री उशिरापर्यंत आतल्या खोलीकडे तापलेली भिंत. बाहेरची कड सात फुटांवर उतरवली तर ऊन अडीच फुटांपर्यंतच येतं. सेवाग्राम तुमच्या घराजवळच आहे. बापूकुटीच्या वळचणी किती खाली आणल्या आहेत ते एकदा उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहरी जाऊन बघा.

पट्ट्यांची दिशाही महत्त्वाची. पट्ट्या उत्तर-दक्षिण धावणाऱ्या हव्यात, आणि आडव्या न झोपवता कडेवर उभ्या बसवा. पट्टी चार इंच रुंद आणि दोन पट्ट्यांत चार इंच अंतर ठेवलं, तर सूर्य 45 अंशांच्या खाली गेला की वरून ऊन येतच नाही. मे महिन्यात ही वेळ दुपारी साडेतीनच्या सुमारास येते. त्याआधीच्या डोक्यावरच्या उन्हासाठी मार्च ते मे वर बांबूचे तट्टे टाका आणि पावसाआधी काढून ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात अंगणात घालतात तो मांडव असाच तात्पुरता असतो. फक्त पऱ्हाट्या-तुराट्यांचा (कापूस-तुरीच्या वाळल्या काड्यांचा) घालू नका, निदान चूल, दिव्याच्या वायरी आणि कूलर यांच्याजवळ तरी. ठिणगी पडायचा अवकाश असतो.

वर पत्रा ठोकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. जूनच्या आधीची वावटळ पत्र्याला खालून उचलते, आणि मग चार खांबांवरचा तो पर्गोला शिडासारखा वागतो. मोकळ्या पट्ट्यांमधून वारा निघून जातो.

पश्चिमेच्या उभ्या बाजूला काहीतरी हवंच. वेल लावणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. थंड देशांत वेल हिवाळ्यात पानं टाकतो, त्यामुळे तिथे पानगळीचा वेल सोयीचा. आपल्याकडे गुळवेलीसारखे वेल कोरड्या दिवसांतच उघडे पडतात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा. दोडका, पडवळ यांचे मांडव पावसाळ्यातले. उन्हाळ्यासाठी मधुमालती चांगली, रोज थोडं पाणी मिळालं की हिरवी राहते. बोगनवेल कमी पाण्यात तगते, पण तिचं वजन मोठं होतं, तेव्हा खांब त्या हिशेबाने घ्या. वेल घराच्या भिंतीपासून दूर, बाहेरच्या खांबाच्या पायथ्याशी लावा, नाहीतर रोजचं पाणी भिंतीच्या पायात मुरेल. वेल वाढेपर्यंत वाळ्याचे किंवा बांबूचे पडदे सोडा. ते गुंडाळून वर बांधता येतील असे करून घ्या. संध्याकाळी वारा सुटला की उघडायला बरे.

कवेलूच्या पागोळ्या कुठे पडतात ती रेघ अंगणात दिसेल, तिथे माती खडबडीत झालेली असते. पर्गोला त्या रेघेच्या बाहेरून सुरू करा. आत घेतला तर चार महिने छपराचं सगळं पाणी त्याच्या लाकडावर पडत राहील. मधल्या जागेवर वळचणीची सावली असतेच.

डेकबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जमिनीलगतचा लाकडी डेक वर्ध्यात मी शक्यतो करत नाही. खालच्या अंधाऱ्या थंड जागेत विंचू, साप आणि वाळवी येतात आणि तिथे झाडू पोहोचत नाही. फरसबंदी केलेला ओटा तेच काम करतो आणि पाणी शिंपडलं की संध्याकाळी थंडही होतो. तरीही लाकडीच हवा असेल, तर तो भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. चुन्याची भिंत ओल घेते आणि उघड्या अंगाने ती सोडते. ते अंग झाकलं की ओल वर चढते आणि आत प्लास्टर फुगतं. डेकची पातळी जोत्याच्या खाली राहू द्या, म्हणजे पावसाचं पाणी उंबरठ्याकडे वळणार नाही. खालच्या जमिनीला घरापासून बाहेर उतार द्या, बाजूंना बारीक जाळी लावा आणि एक बाजू काढता येईल अशी ठेवा. पावसाळ्यानंतर तिथून टॉर्च मारून बघायचं. ठोकळ्यांवर मातीच्या बारीक वाटा दिसल्या तर वाळवी लागली समजा.

फळ्या सहा इंचीपेक्षा चार इंची घ्या, रुंद फळी उन्हात वाकते. उन्हाळ्यात बसवत असाल तर मध्ये पाच-सहा मिलिमीटर फट सोडा, कारण तेव्हा लाकूड सर्वांत आकसलेलं असतं आणि पावसात फुगतं. खिळे नकोत, आधी भोक पाडून स्टीलचे स्क्रू लावा. खांब आणि तुळयांच्या सांध्यांना आरपार बोल्ट आणि मोठे वॉशर लावा. पहिला उन्हाळा गेल्यावर सगळे बोल्ट एकदा आवळून घ्यावे लागतील. गडद रंगाची डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली) फळी घेऊ नका, मे महिन्यात तिच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.

शेतातला साग तोडण्याआधी परवानगी घ्या. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो. बरं, ताजा साग लगेच वापरता येत नाही. तो सावलीत रचून सुकवावा लागतो. शिवाय शेतातल्या तरुण झाडात बाहेरचा पांढरा भाग जास्त असतो. साग टिकतो तो त्याच्या गाभ्यामुळे, पांढरा भाग वाळवी सहज खाते. माझा सल्ला, जुन्या लाकडाच्या वखारीत जा. पाडलेल्या घरांचे म्याल (छताच्या तुळया) आणि दारांच्या चौकटी मिळतात, लाकूड पुरतं वाळलेलं असतं. घेताना फळीची टोकं बघा, मोडलेले खिळे आत राहिलेत का ते चुंबक फिरवून तपासा.

कुंपणाला पत्रा अजिबात नको. सहा फूट बंद पत्रा दिवसभर तापून ती धग घराकडेच फेकतो, संध्याकाळची झुळूक अडवतो आणि वादळात खांबांसकट आडवा होतो. आडोसा हवा तिथेच बुरडांकडून बांबूचे तट्टे करून घ्या, ते जमिनीपासून चार बोटं वर बांधा आणि खराब झाले की बदला. बाकी बाजूंना मेंदीची दाट रांग, जनावरांचा त्रास असेल तर बाहेरून सागरगोटा. त्याच्या काट्यातून गुरं शिरत नाहीत. जंगलाबाहेर लावलेला बांबू 2017 च्या कायदा-बदलापासून कायद्याने वृक्षात मोडत नाही, त्यामुळे तो शेतातला वापरणं सोपं आहे. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात भिजवला तर किडा लागत नाही, पण हे औषध पावसात धुऊन जातं, तेव्हा असा बांबू वळचणीखालीच वापरा.

लाकडाला व्हार्निश देऊ नका, आपल्या उन्हात त्याचे पापुद्रे निघतात. उकळलेलं जवसाचं तेल दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पातळ हाताने लावा आणि जादा पुसून घ्या. पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढिगात आपोआप तापून पेट घेतात. त्या पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

खोदकाम दिवाळीनंतर काढा, माती हाताशी येते. त्याआधी घरापासून बारा फुटांवर एक चाचणीचा खड्डा घ्या. मुरूम किती फुटांवर लागला आणि जोतं अंगणापासून किती उंच आहे, एवढं खाली कळवलंत तर खांबांची जाडी आणि अंतर मी सांगतो.