मुलाच्या धावण्याला पैसे मिळतात, मुलीच्या चित्रांना का नाही?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि सोबतचे चित्रांचे फोटोही नीट बघितले. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताईंना दोन मुलं. धाकटा चौदा वर्षांचा, ४०० मीटर धावतो, शाळेने त्याची फी माफ केलीय, बूट, कोच, स्पर्धेला जायचा-यायचा खर्च सगळं बाहेरून होतं. थोरली सतरा वर्षांची, चित्रं काढते, तिचे कागद, कोळसा, रंग सगळं घरून. तिला शाळा संपली की फाइन आर्टला जायचंय आणि घरात सूर असा आहे की ज्याला कोणी विचारत नाही त्यात आयुष्य कशाला घालवायचं. आणि ताई, मुलीने तुम्हाला विचारलेला प्रश्न तुम्ही तसाच लिहून पाठवलात, "माझं काम त्याच्यापेक्षा कमी आहे का?"

आधी तिला उत्तर देते. नाही, कमी नाही. पण नुसतं एवढं सांगून तिचं समाधान होणार नाही, कारण ती रोज डोळ्यांनी फरक बघतेय, म्हणून हा फरक का पडतो ते नीट समजून घेऊया, कारण ते एकदा कळलं की करिअरचा निर्णय वेगळ्या पद्धतीने घेता येतो.

पहिलं कारण मोजमापाचं. पैसा देणारा कोणीही असो, सरकार, शाळा, कंपनी, त्याला उद्या कोणालातरी हिशेब द्यायचा असतो की पैसे कुठे गेले आणि त्यातून काय झालं. धाकटा मागच्या वर्षीपेक्षा दोन सेकंद लवकर पोचला की हिशेब तिथेच पूर्ण, वाद घालायला जागाच नाही. थोरलीचं चित्र मागच्या वर्षीपेक्षा चांगलं झालंय हे मला दिसतं, तुम्हाला दिसतं, पण फाइलमध्ये ते कोणत्या आकड्यात लिहायचं?

आणि ही अडचण आजची नाही. बऱ्याच जणांना माहीत नसतं पण ऑलिंपिकमध्ये कलेचीसुद्धा पदकं होती, १९१२ च्या स्टॉकहोमपासून १९४८ च्या लंडनपर्यंत, वास्तुकला, साहित्य, संगीत, चित्र आणि शिल्प अशा पाच प्रकारांत, अट एवढीच की विषय खेळाशी जोडलेला हवा. १९२४ ला पॅरिसमध्ये संगीताच्या परीक्षकांत स्ट्राविन्स्की, रावेल यांच्यासारखे नावाजलेले संगीतकार होते आणि त्यांनी एकही पदक दिलं नाही, ना सुवर्ण ना कांस्य. त्याच वर्षी वास्तुकलेत सुवर्ण कोणालाच नाही, आणि रौप्य मिळवणाऱ्यांत होता हंगेरीचा आल्फ्रेड हायोश, ज्याने १८९६ मध्ये पोहण्याची दोन सुवर्णपदकं जिंकली होती. म्हणजे एकच माणूस बघा. पाण्यात तो पहिला आला तर पहिलाच, पण इमारतीच्या आराखड्यात तो पहिला का दुसरा हे परीक्षकांनी ठरवायचं, आणि तेही म्हणू शकतात की यंदा पहिला कोणीच नाही. पुढे कलाकार पोटासाठी कला करतात, ते हौशी नाहीत (आणि तेव्हा ऑलिंपिक हौशी लोकांसाठीच होतं), हे कारण देऊन ही पदकं बंद झाली.

दुसरं कारण पैशाचं आहे. बाउमोल आणि बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये मांडलं होतं की चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो, कारखान्यात मात्र तेवढ्याच वेळात कितीतरी पट माल निघतो, पगार सगळीकडे वाढतात, म्हणून कलेचा खर्च वाढत जातो आणि तिकिटातून तो भरून निघत नाही. आता कोणी म्हणेल फुटबॉललाही बावीस खेळाडू आणि नव्वद मिनिटं लागतातच की, मग खेळाला हा त्रास का नाही? कारण मॅच लाइव्ह बघावी लागते. कालची मॅच आज कोणी बघत नाही, निकाल कळलेला असतो, त्यामुळे करोडो लोक एकाच वेळी पडद्यासमोर बसतात आणि जाहिरातदार त्या वेळेसाठी वाट्टेल तेवढे पैसे मोजतात. चित्र, गाणं, नाटक शिळं होत नाही. ही कलेची ताकद आहे पण तरुण कलाकाराला तीच जड जाते, कारण तुमचा मुलगा फक्त आज धावणाऱ्यांशी शर्यत लावतो, मुलीला मात्र कधीच गेलेल्या चित्रकारांच्या शेजारी उभं राहावं लागतं, त्यांची चित्रं अजून भिंतींवर आहेत आणि लोक तीच बघायला जातात.

तिसरं, खेळासाठी पैसे मागणारी माणसं आहेत. ऑलिंपिक समिती १८९४ ची, फुटबॉलची जागतिक संघटना फिफा १९०४ ची, आणि त्यांच्याखाली देशाची, राज्याची, जिल्ह्याची अशी संघटनांची अख्खी उतरंड, त्यातल्या कित्येकांचं कामच मुळी पैसे मागणं आणि वाटणं हे असतं. धाकट्यासाठी कोच अर्ज भरतो. थोरलीसाठी कोण भरतं? चित्रकार आपापल्या खोलीत एकटा असतो.

आणि एक कारण ज्यावर फारसं बोललं जात नाही. पदकाने कोणी दुखावत नाही, चित्राने, नाटकाने दुखावू शकतं. अमेरिकेत मंदीच्या काळात १९३५ पासून सरकारने बेकार कलाकारांना पगारी काम दिलं, पोलॉक आणि रॉथको हे चित्रकार नंतर जगभर गाजले, त्यांनीही त्या काळात हा पगार घेतलाय, पण त्यातला नाटकांचा विभाग १९३९ मध्ये तिथल्या संसदेने निधी थांबवून बंद केला, कारण नाटकांतली मतं काही लोकप्रतिनिधींना खुपत होती. ब्रिटनमध्ये मात्र १९४६ ला, मुख्यतः केन्स या अर्थतज्ज्ञाच्या पुढाकारातून, कलेला पैसे वाटणारी जी संस्था (आर्ट्स कौन्सिल) स्थापन झाली तिचं तत्त्वच असं ठेवलं की पैसे सरकारने द्यायचे, पण कोणाला द्यायचे हे सरकारने ठरवायचं नाही.

हे सगळं वाचून असं वाटू देऊ नका की कलेचं नशीबच तसं. नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेचं केंद्र सरकार तिथल्या ऑलिंपिक समितीला थेट पैसे देत नाही, आणि तिथेच शहरं मात्र क्लबांच्या स्टेडियमवर लोकांचा पैसा ओततात, जो परत मिळत नाही असं अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगतायत. जर्मनीत १९८३ पासून अशी सोय आहे की स्वतंत्र काम करणाऱ्या कलाकाराने विम्याचा आणि पेन्शनचा साधारण निम्मा हप्ता भरायचा, उरलेला सरकार आणि त्याचं काम वापरणाऱ्या कंपन्या भरतात. आणि आयर्लंडने २०२२ मध्ये २००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली, आणि मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पात्र असलेल्यांतून निवड सोडत काढून केली. कोण जास्त चांगला हे मोजता येत नाही ना, मग मोजायच्या भानगडीत पडायचंच नाही, असा सरळ मार्ग त्यांनी काढला.

आता करिअर. पाठिंबा कमी म्हणून कला सोडायची हा हिशेब मला पटत नाही, पण पाठिंबा आपोआप मिळेल हे धरूनही चालू नका. तिच्या क्षेत्रात तिची कोच, तिची संघटना, तिची मॅनेजर बरीच वर्षं तीच असणार आहे. अर्धं पान लिहायला तिला आत्तापासून शिकवा, मी काय करतेय, कोणासाठी, किती दिवस लागतील, किती खर्च येईल. कुठल्याही फेलोशिपचा, अनुदानाचा, रेसिडेन्सीचा (म्हणजे एखाद्या संस्थेत काही काळ राहून काम करण्याचा) अर्ज शेवटी या चार गोष्टींपाशीच येतो, आणि हातात चांगली कला असलेली कितीतरी मुलं इथेच अडकताना मी बघते, कारण त्यांना वाटतं की चित्र बोलेल. पण अर्ज वाचणाऱ्यांपैकी काही जण तरी चित्रकार नसतात, त्यांना वाक्यं लागतात.

दुसरं, फाइन आर्टला जाताना जोडीला एक पोटापाण्याचं कौशल्य तिने निवडावं, आणि ते चित्राच्या जवळचंच असावं. अॅनिमेशन आणि फिल्मसाठी स्टोरीबोर्ड, संग्रहालयांतली मांडणी, जुन्या चित्रांचं जतन (तिची केमिस्ट्री चांगली आहे असं तुम्ही लिहिलंय, या कामात ती खरंच लागते), वैद्यकीय पुस्तकांसाठी रेखाटन, शिकवणं. साधी, झटपट इलस्ट्रेशनची कामं एआयमुळे कमी झालीयत, तेव्हा फक्त त्यावर भिस्त ठेवू नका. कॉलेज निवडताना नावापेक्षा तिथे रोज किती तास प्रत्यक्ष बसून ड्रॉइंग करून घेतात आणि मागच्या बॅचची मुलं आज काय करतायत हे विचारा.

पोर्टफोलिओबद्दल. बहुतेक ठिकाणी दहा ते वीस कामं मागतात. तुम्ही पाठवलेल्यांत मोबाइलवरच्या फोटोवरून काढलेली कलाकारांची पोर्ट्रेट्स आहेत, हुबेहूब आहेत, मेहनत दिसते, पण ती मागे ठेवा, तसली कामं निवड करणाऱ्यांसमोर ढिगाने येतात आणि फोटोची सपाट सावली अनुभवी माणसाला लगेच कळते. भाऊ बुटाची नाडी बांधतोय ते कोळशातलं चित्र सगळ्यात पुढे ठेवा. त्यात अंगठ्याचं बोट तिने दोनतीनदा पुसून परत काढलंय, आधीच्या रेघा अजून पुसट दिसतायत, आणि वाकलेल्या पाठीचं वजन पुढच्या गुडघ्यावर बरोबर आलंय. ही मुलगी बघते, चुकते, परत बघते हे त्या एका कागदावर दिसतं आणि परीक्षकाला तेच शोधायचं असतं. ते पुसलेलं साफ करू नका! स्केचबुकही तसंच्या तसं न्या, वाईट पानं फाडून टाकू नका.

आणि धाकट्याचंही एक सांगते, तुम्ही विचारलं नाहीत तरी. त्याला मिळणारी मदत त्याच्या वेळेवर टिकून आहे, एखाद्या दुखापतीने ती थांबू शकते, आणि न थांबली तरी धावपटूची ऐन उमेदीची वर्षं थोडीच. म्हणून अभ्यास त्याचाही सुटू देऊ नका. थोरलीच्या क्षेत्रात वयाची घाई तेवढी नसते, लुईस बुर्ज्वा या शिल्पकार बाईंचं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं ते १९८२ मध्ये, तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. पण तोवरची वर्षं कशावर काढायची हे आधी ठरवावं लागतं, म्हणून वरची कौशल्याची यादी आज रात्री तिच्यासोबत बसून बघा, आणि शक्य असेल तर धावण्याचा खर्च वाचतोय त्यातली काही रक्कम दर महिन्याला तिच्या सामानासाठी वेगळी काढा, तिच्या हातात द्या आणि हिशेब तिलाच ठेवू द्या.

पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, बरोबर वरून काढा, फ्लॅश नको, आणि प्रत्येकाखाली आकार आणि माध्यम लिहा. पत्र मात्र या वेळी तिलाच लिहू द्या.