बेसलाइन ऑक्टोबरात, एंडलाइन मेमध्ये: वाचकांचे प्रश्न

कोकणातल्या संस्था, ग्रामपंचायती आणि बचतगटांच्या कार्यकर्त्यांकडून संनियंत्रण-मूल्यमापनाविषयी, म्हणजे कामाची प्रगती आणि परिणाम मोजण्याविषयी, बरेच प्रश्न आले. सारख्या आशयाचे एकत्र करून पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : गुहागर तालुक्यातल्या चार वाड्यांत आम्ही विहिरी खोल केल्या, पाइपलाइन टाकली. बेसलाइन (कामाआधीची पाहणी) ऑक्टोबरात घेतली, एंडलाइन (कामानंतरची) मेमध्ये. पाणी भरायला लागणारा वेळ कमी व्हायचा तर वाढलेला दिसतो. बायका मात्र सांगतात की सोय झाली. आकडा खोटा की बायका?

दोन्ही खरे आहेत. चुकली ती तुलना. कोकणात तीनएक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जांभा सच्छिद्र, जमीन उताराची. पाणी झिरपतं आणि ओढ्यांतून समुद्राकडे जातं. ऑक्टोबरात झरे वाहते असतात, विहिरी भरलेल्या असतात. तेव्हाचा वेळ हा वर्षातला चांगल्यात चांगला वेळ. त्याच्याशी मेची गाठ घातली तर कुठलीही योजना नापासच होणार.

आता हातात तीन मार्ग आहेत. पहिला, पंचायत समितीत टंचाई आराखडा पाहा. कोणत्या वाडीला कोणत्या वर्षी टँकर लागला, किती फेऱ्या झाल्या, हे तिथे वाडीनिहाय सापडतं. प्रकल्पाआधीच्या तीन उन्हाळ्यांच्या फेऱ्या आणि या उन्हाळ्याच्या फेऱ्या शेजारी ठेवा. दुसरा, योजना न झालेल्या, तशाच उंचीवरच्या आणि तशाच पाण्याच्या दोन-तीन वाड्यांत याच मेमध्ये तेच प्रश्न विचारा. तिसरा, येत्या ऑक्टोबरात तीच पाहणी पुन्हा करा. ती मात्र जुन्या बेसलाइनशी थेट ताडता येईल. ‘गेल्या वर्षी मेमध्ये किती मिनिटं लागायची?’ असं आज विचारू नका. मिनिटं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पाणी कुठून आणायचात, टँकर यायचा का, रात्री नंबर लावावा लागायचा का, एवढं लोक नीट सांगतात.

मिनिटं हवीच असतील तर घड्याळ लावून एका फेरीबरोबर चाला आणि रांगेतला वेळ वेगळा लिहा. हंडे मोजताना हंडा लिटरच्या मापाने भरून पाहा. दहा लिटरचा आणि पंधरा लिटरचा हंडा ‘एक हंडा’ म्हणूनच सांगितला जातो. नळाचा दाब पाहायचा तर टाकीजवळच्या नव्हे, लाइनच्या टोकाच्या घरी बादली लावा आणि भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. क्लोरीनही तिथेच तपासा: मोकळा (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीतला पिवळा रंग संयुक्त, म्हणजे पाण्यातल्या अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला, क्लोरीनही दाखवतो, म्हणून मोकळ्या क्लोरीनसाठी डीपीडी गोळी घ्या.

अहवालातली एक गल्लतही टाळा. माणशी ५५ लिटर हा जल जीवन मिशनचा रोजचा निकष आहे. १५ लिटर हा स्फिअर या आपत्ती-मदतीच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा, आपत्तीतल्या किमान गरजेचा. नेहमीच्या योजनेला दुसरा लावून ‘उद्दिष्ट पूर्ण’ लिहिलेलं आमच्या पाहण्यात येतं.

प्रश्न : मंडणगड तालुक्यात ६४ वाड्यांत आमचं काम आहे, घरं २,९४०. पाहणी किती घरांची करावी? गावकीतले लोक म्हणतात, रस्त्यालगतच्या चार वाड्या पाहा, सगळं कळेल.

रस्त्यालगतच्या वाड्यांतून रस्त्यालगतचंच कळतं. एसटी जिथे थांबते तिथे आशाताई, बँकमित्र आणि संस्थेची गाडी, सगळंच आधी पोचतं.

गणित असं. ९५ टक्के विश्वासपातळी (शंभरातल्या ९५ वेळा उत्तर खऱ्याच्या तेवढं जवळ यावं) आणि अधिक-उणे १० टक्के चूक चालणार असेल तर साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) निवडीला ९६ घरं लागतात. पण तुम्ही वाडी निवडून तिच्यातली घरं घेणार, आणि एका वाडीतली घरं एकमेकांसारखी असतात: तेच पाणी, तीच जात, तोच गट. म्हणून संख्या वाढवावी लागते. एका वाडीत १० घरं घेतलीत आणि वाडीअंतर्गत सारखेपणा ०.१ धरला तर गुणक येतो १.९ (१ + ९ × ०.१), म्हणजे १८३ घरं. दहा टक्के घरं भेटणार नाहीत असं धरून २०४. तेव्हा २१ वाड्या, प्रत्येकी १० घरं, एकूण २१०. चूक पाच टक्क्यांवर आणायची तर हा आकडा चौपट होतो. निधी देणाऱ्याने ‘जरा आणखी अचूक’ म्हटलं की त्याला हे आधीच सांगा.

वाड्या निवडताना सगळ्या ६४ वाड्यांची घरं एकाखाली एक मांडून बेरीज चढवत न्या. २,९४० भागिले २१ म्हणजे अंतर १४०. १ ते १४० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ५७. मग ५७ वं, १९७ वं, ३३७ वं घर ज्या वाडीत पडेल ती वाडी घ्यायची. १४० हून जास्त घरांच्या वाडीवर दोनदा बोट पडलं तर तिथे २० घरं.

खरी अडचण यादीची. महसुली गावाच्या यादीत वाड्या वेगळ्या दिसत नाहीत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ घरपट्टीसाठी असतो: त्यात मुंबईकरांची वर्षभर कुलूपबंद घरं असतात आणि एका घरातल्या तीन चुली एकच घर म्हणून येतात. अंगणवाडीची सर्वेक्षण वही जास्त कामाची. दोन्ही घ्या आणि वाडीतल्या कुणाला तरी बरोबर घेऊन अर्धा दिवस फिरून दुरुस्त करा. सहा महिन्यांहून जास्त बंद असलेलं घर यादीतूनच काढा. तात्पुरतं कुलूप असेल तर दोनदा परत जा, त्यातली एक फेरी संध्याकाळची. ‘शेजारचं घर घेतलं’ हे कधीच नको, कारण कामावर जाणारी घरं गळतात आणि घरी बसणारी वाढतात.

तारखाही यादीइतक्याच महत्त्वाच्या. गणपतीत चाकरमानी आलेले असतात, घरटी माणसं फुगतात. कातकरी वाड्या पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. जानेवारीत गेलात तर सगळ्यात गरीब घरंच पाहणीबाहेर. मच्छीमार पुरुष हवे असतील तर १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सोयीची.

प्रश्न : वादळानंतर श्रीवर्धनच्या भागात आम्ही ताडपत्र्या, पत्रे आणि सुपारीची रोपं वाटतो. सह्यांनिशी शंभर टक्के वाटप दाखवलं, तरी दाते ‘वाटपोत्तर पाहणी’ मागतात. त्यात काय असतं?

सह्या एवढंच सांगतात की वस्तू गाडीतून उतरली. वाटपोत्तर पाहणी दोन ते चार आठवड्यांनी करतात: यादीप्रमाणे मिळाली का, पूर्ण मिळाली का, वापरात आहे का, आणि कोण राहिलं. वाटप केलेल्या स्वयंसेवकाला त्याच वाडीत विचारायला पाठवू नका. त्याच्या तोंडावर कुणी ‘मिळालं नाही’ म्हणत नाही.

विचारण्यापेक्षा पाहा. पत्रे पडवीत रचून ठेवलेले दिसले तर बहुधा पत्रे बसवायचे जे-हूक, वायसर किंवा आढ्याचे पत्रे दिलेले नसतात, नाहीतर सुतार मिळालेला नसतो. चार बाय सहा मीटरची ताडपत्री जमिनीवर २४ चौरस मीटर भरते. उतरत्या छपरावर टाकून कडा दुमडल्या की झाकलेली जागा बरीच कमी होते. स्फिअर माणशी ३.५ चौरस मीटर सांगतं, पाच जणांना १७.५. म्हणून टेप लावून झाकलेली जागा मोजा. ताडपत्री लाकडांवर टाकलेली दिसली तर ‘गैरवापर’ लिहून मोकळे होऊ नका. जूनमध्ये ओल्या लाकडांवर चूल पेटत नाही.

यादीबाहेरची घरंही घ्या, निदान दर चार घरांमागे एक. भाडेकरू, दुसऱ्याच्या बागेत राहणारे गडी, सासरच्या घरात एका खोलीत राहणारी, वेगळं रेशनकार्ड नसलेली विधवा: ३ जून २०२० चं निसर्ग असो की पुढच्या वर्षीचं तौक्ते, घराच्या नावावर पंचनामा झाला की अशी माणसं सुटण्याचा धोका सगळ्यात जास्त.

रोपांचा हिशोब वेगळा ठेवा. पावसात सगळीच रोपं हिरवी असतात. जगली की नाही ते पहिला उन्हाळा गेल्यावर मोजा. सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, तेव्हा एका वर्षाच्या प्रकल्पात ‘उत्पन्नवाढ’ हा निर्देशक लिहूच नका.

प्रश्न : कंपनी म्हणते सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च) कायद्याने परिणाम-मूल्यमापन सक्तीचं आहे. आमचा प्रकल्प १८ लाखांचा.

तुमच्या प्रकल्पाला सक्ती नाही. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत ज्या कंपनीचं सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी किंवा जास्त आहे, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या, आणि पूर्ण होऊन किमान वर्ष झालेल्या प्रकल्पांचं मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. २०२२ पासून त्यावरचा खर्च एकूण वार्षिक सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यांपैकी जे जास्त तिथपर्यंत सीएसआरमध्ये धरता येतो. कंपनीला तरीही मूल्यमापन हवं असेल तर जरूर करा, फक्त त्याचे पैसे करारातच वेगळे लिहून घ्या. कार्यकर्त्यांच्या पगारातून ते निघत नाहीत.

प्रश्न : कागद सोडून मोबाइलवर कोबो टूलबॉक्स या पाहणीच्या साधनाने माहिती घेतोय. तरी गोंधळ आहेच.

वाडीचं नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडू द्या. नाहीतर कोंडवाडी, कोंड वाडी आणि कोंडेवाडी अशा तीन वाड्या होतात. संख्येचा रकाना संख्येचाच ठेवा. मजकुराच्या रकान्यात देवनागरी आकडे आले की बेरीज होत नाही. ‘इतर’ हे उत्तर दहा टक्क्यांहून जास्त येत असेल तर पर्याय अपुरे आहेत. जीपीएसची अट फार कडक ठेवलीत तर माडांखाली ती पुरी होत नाही आणि पोरं मोकळ्या रस्त्यावर येऊन नोंद करतात, मग नकाशावर सगळी घरं डांबरावर.

फॉर्म सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ रोज संध्याकाळी पाहा. चाळीस प्रश्न सहा मिनिटांत झाले असतील तर ते पारावर बसून भरलेत. पाच ते दहा टक्के घरी पर्यवेक्षकाने स्वतः जाऊन चटकन न बदलणारे तीनच प्रश्न पुन्हा विचारावेत: चुलीवर माणसं किती, घर कौलारू की पत्र्याचं, शौचालय आहे का.

आधार क्रमांक घेऊ नका, पाहणीला तो लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आणि लाभार्थ्यांच्या आधारकार्डाचे फोटो टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडले असतील तर ते सगळ्यांच्या फोनमधून, गॅलरीतून आणि बॅकअपमधूनही आजच काढा.