तपासणीच्या आधी चेक इंजिनचा कोड स्कॅनरने पुसला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की वार्षिक तपासणी चार दिवसांवर आली आहे, चेक इंजिनचा दिवा पेटलाय, मेकॅनिक म्हणतो कोड उडवून देऊ. शिवाय घरी काय काय बघून घ्यावं?

कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, उडवू नका. हा सल्ला देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. कोड पुसला की गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेत असते त्यांचे निकालही पुसले जातात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा), ऑक्सिजन सेन्सर, टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा, सगळ्यांपुढे 'अपूर्ण' दिसतं. तपासनीसाने स्कॅनर लावला की त्याला हे लगेच कळतं. बॅटरीची केबल काढली तरी बहुतेक गाड्यांत तेच होतं. या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला थंड इंजिनपासून सुरुवात, थोडं थांबत-थांबत चालवणं, थोडं एका वेगाने, असे काही दिवस जातात. वाफेची चाचणी तर टाकी काठोकाठ भरलेली किंवा तळाला असेल तर होतच नाही. अर्धीच्या आसपास ठेवा. आणि मूळ बिघाड तसाच असेल तर तेवढ्यात दिवा परत लागतो.

त्यापेक्षा कोड वाचा. पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, आला की लोक थेट महागडा कन्व्हर्टर बदलतात, ते चूक आहे. आधी एक्झॉस्टच्या जोडांवर काजळीचे डाग आहेत का बघा. तिथून हवा आत ओढली जात असेल तर सेन्सर फसतो. मिसफायर असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर प्लग आणि कॉइल आधी, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. हे सगळं ठीक असून गरम इंजिनवर कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज स्थिर न राहता सतत झपाट्याने वरखाली होत असेल, तरच कन्व्हर्टर गेला म्हणा.

धुराच्या चाचणीला गाडी वीस मिनिटं चालवून न्या आणि रांगेत इंजिन बंद करू नका. कन्व्हर्टर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढेच नीट काम करतो.

बाकीचं पटकन सांगतो. नंबर प्लेटचा दिवा लोक हमखास विसरतात. टायरची नक्षी आतल्या कडेलाही मोजा. चाकांची अलाइनमेंट बिघडली की बऱ्याचदा तीच आधी झिजते आणि उभ्याने दिसत नाही. अनेक देशांत किमान मर्यादा १.६ मिमी आहे. हेडलाइट तपासण्याआधी टायरमध्ये हवा बरोबर भरा, डिकी रिकामी करा, हेडलाइटच्या उंचीचं बटण शून्यावर ठेवा. स्टीअरिंग पूर्ण वळवून ड्राइव्ह शाफ्टचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) रबरी बूट टॉर्चने बघा. रिमच्या आत ग्रीस उडालेलं असेल तर बूट फाटलाय. ब्रेक तपासायच्या रोलरवर डाव्या-उजव्या ब्रेकमध्ये फरक आला की अनेकदा कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकलेल्या असतात. साफ करून त्या पिनांसाठीचंच ग्रीस लावा, साधं नको, त्याने रबर फुगतं.

कोड आणि कन्व्हर्टरचं हे सगळं पेट्रोल गाडीबद्दल झालं, आणि स्कॅनर सगळीकडे लावतातच असं नाही. डिझेल असेल तर धुराच्या चाचणीत इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत नेतात, म्हणून ऑइलची पातळी आणि टायमिंग बेल्ट आधी बघा. बेल्टची मुदत संपली असेल तर बदलल्याशिवाय गाडी नेऊ नका.