वाचकांचे प्रश्न : प्रेटोरियसची फूटपट्टी

गेल्या अंकात चारशे वर्षांपूर्वीचा जर्मन संगीतकार मिखाएल प्रेटोरियस याच्यावरचा लेख आला आणि पत्रे आली. सगळी छापणे शक्य नाही. हाताने काही करून पाहणाऱ्यांची आधी घेतली आहेत.

प्रेटोरियस हे आडनाव लॅटिन वाटते. मग तो जर्मन कसा? आणि मुळात तो रचनाकार की शास्त्रकार? — नागपूर

आडनाव भाषांतर केलेले आहे. घराण्याचे मूळ नाव शुल्टहाइस, म्हणजे गावचा कारभारी. आपल्याकडे पाटील असतात तसे. शिकलेल्या जर्मनांत तेव्हा आडनावाला लॅटिन अंगरखा चढवण्याची रीत होती. जन्म १५७१ च्या सुमारास थुरिंजियातल्या क्रॉइट्सबुर्गला, वडील ल्यूथरपंथी पाद्री. ब्राउन्श्वाइगचा ड्यूक हाइनरिश युलियुस याच्याकडे तो १५९५ पासून ऑर्गनवादक आणि १६०४ पासून दरबाराचा संगीतप्रमुख होता. १५ फेब्रुवारी १६२१ रोजी वोल्फेनब्यूटेलला वारला. तिथल्या मुख्य चर्चमध्ये ऑर्गनखालीच त्याला पुरले.

रचनाकार की शास्त्रकार, ही निवड त्याच्या बाबतीत करूच नये. 'मुसे सियोनिए' या नऊ भागांच्या संग्रहात (१६०५ ते १६१०) त्याने हजारावर भक्तिगीते बांधली आणि लगोलग 'सिंटाग्मा म्युझिकम' हा तीन खंडांचा ग्रंथ काढला. पहिला खंड बहुतांशी लॅटिनमध्ये, विद्वानांसाठी. वाद्यांचा दुसरा आणि वादन-गायनाच्या पद्धतींचा तिसरा मात्र जर्मनमध्ये, कारण ते वाद्ये बनवणाऱ्यांच्या आणि वाजवणाऱ्यांच्या हाती पडायचे होते. आम्हाला तो आवडतो तो यासाठीच.

आमचा तंतुवाद्ये बनवण्याचा व्यवसाय आहे. प्रेटोरियसच्या चित्रांवरून जुने वाद्य खऱ्या मापात काढता येते, असे लेखात होते. नेमके कसे? — मिरज

दुसऱ्या खंडाला जोडलेले 'थिएट्रम इन्स्ट्रुमेंटोरम' (१६२०) हे ४२ लाकडी ठशांच्या चित्रांचे पुस्तक घ्या. चित्रांसोबत फुटांची पट्टी छापलेली आहे. हा फूट ब्राउन्श्वाइगचा, १२ इंचांचा, पण आजच्या मापात सुमारे २८५.४ मिलिमीटर, इंग्रजी फुटाहून जवळजवळ २ सेंटिमीटर तोकडा. इंग्रजी फूट धरून केलेले वाद्य साधारण ७ टक्के मोठे होते आणि मग तारा का तुटतात ते कळत नाही.

कृती अशी. छापील प्रतीवर आधी पट्टीच मोजा. समजा पट्टीवरचे ६ फूट तुमच्या कागदावर ७२ मिलिमीटर भरले, तर १ फूट झाला १२ मिलिमीटर. वाद्य ५१ मिलिमीटर भरले तर ५१ भागिले १२, म्हणजे ४.२५ फूट. त्याला २८५.४ ने गुणा : १२१३ मिलिमीटर. प्रत लहान-मोठी छापली गेली तरी पट्टीही त्याच प्रमाणात बदलते, त्यामुळे बिघडत नाही. बिघडते ते पट्टी न मोजता पुस्तकात वेगळा छापलेला अर्ध्या फुटाचा नमुना वापरल्याने. त्या काळी ओल्या कागदावर छपाई होई आणि वाळताना कागद आक्रसे. त्यामुळे तो नमुना मूळ १४२.७ मिलिमीटरला थोडा कमी भरतो.

पट्टीवर विश्वास ठेवा तो एकूण लांबी, रुंदी आणि घोडी ते मेरू या (तारेच्या वाजणाऱ्या) अंतरापुरता. तबकडीची जाडी, आतले आधार, गळ्याचा कोन चित्रात नाहीत. तिरपी ठेवलेली वाद्ये दृष्टीने आखडतात, तीही मोजू नका.

आमच्या गटात तीन रेकॉर्डर (उभ्या धरून वाजवायच्या युरोपीय बासऱ्या), एक व्हायोलिन, एक चेलो आणि हार्मोनियम आहे. प्रेटोरियसच्या 'टर्प्सिकोरी'तले नाच बसवता येतील का? प्रतीवर कुठे 'एम. पी. सी.', कुठे 'एफ. सी.' लिहिले आहे, ते काय? — पुणे

येतील. १६१२ च्या या संग्रहात तीनशेवर फ्रेंच नाच चार, पाच आणि सहा भागांत बांधलेले आहेत आणि कुठला भाग कुठल्या वाद्याने वाजवायचा हे लिहिलेले नाही. चालींचा मोठा साठा ड्यूकच्या दरबारातला नृत्यशिक्षक आंत्वान एमेरो याच्याकडून आला. 'एफ. सी.' म्हणजे फ्रान्सिस्क कारूबेल याने बांधलेला नाच, 'एम. पी. सी.' म्हणजे क्रॉइट्सबुर्गचा मिखाएल प्रेटोरियस. याच अक्षरांचा तो 'स्वर्ग हीच माझी मायभूमी' असा लॅटिन अर्थही लावत असे.

सुरुवात चार भागांच्या नाचांनी करा. चूक होते ती सप्तकात. सोप्रानो रेकॉर्डर लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजतो, आल्टो आणि टेनर लिहिल्याप्रमाणे. नियम एकच : रेकॉर्डर वाजवायचे तर सगळे एक सप्तक वर, नाहीतर एकही नाही. व्हायोलिनवर चाल लिहिल्याप्रमाणे आणि दुसरा भाग रेकॉर्डरवर वरच्या सप्तकात असे केलेत, तर मधला भाग चालीच्या डोक्यावर बसतो आणि नाच ओळखू येत नाही. वरचे तीन भाग रेकॉर्डरना, खालचा चेलोला, आणि व्हायोलिन चालीला खालून दुजोरा देईल.

रेकॉर्डर एकमेकांशी जुळत नाहीत ही तक्रार ४०० वर्षांची आहे. प्रेटोरियसने पूर्ण संच २१ नगांचा सांगितला आहे : ८ वेगवेगळ्या मापांचे, व्हेनिसहून सुमारे ८० थालरना (तेव्हाची चांदीची नाणी) मिळणारे. एकाच कारखान्याचा संच घ्यायचा तो जुळावा म्हणूनच. शिवाय त्याने मुखाजवळ वाद्य कापून सांधा करायला सुचवले, म्हणजे दोन बोटे ओढून सूर उतरवता येईल. कारागिरांनी कुरकुर केली आणि ती अगदी खोटी नव्हती. सांधा ३ मिलिमीटर ओढला, तर ३०० मिलिमीटर लांबीच्या सुराला १७ सेंट उतार पडतो, पण १५० मिलिमीटरच्या सुराला ३४. (अर्ध्या स्वराचे १०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट.) म्हणून २-३ मिलिमीटरपलीकडे ओढू नका, उरलेले फुंकेने सांभाळा.

हार्मोनियम मात्र नुसत्या खर्जासाठी ठेवा. कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रेटोरियसच्या काळची सुरावट, म्हणजे सूर लावण्याची पद्धत, कीबोर्डवर आणायची आहे. पायऱ्या सांगाल का? — इंदूर

त्याने ऑर्गनसाठी सांगितलेल्या पद्धतीचा गाभा तंबोऱ्यासमोर बसणाऱ्याला लगेच कळेल : गांधार शुद्ध ठेवायचा आणि त्यासाठी पंचम किंचित उतरवायचा. आजच्या हार्मोनियमचा गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. मध्य सप्तकातल्या पांढरी एक (इंग्रजी C) आणि पांढरी तीन (E) एकत्र दाबा. सेकंदाला दहा हेलकावे, म्हणजे आवाजाचे लहान-मोठे होणे, ऐकू येतात.

कानाने लावायचे तर मध्य सप्तकातली पांढरी एक कायम धरा. पांढरी तीन तिच्याशी इतकी जुळवा की हेलकावे पूर्ण थांबतील. मग एक-पाच, पाच-दोन, दोन-सहा अशा जोड्या घ्या. आधी प्रत्येक जोडी शुद्ध करा आणि नवा सूर उतरवत आणा : एक-पाचमध्ये १० सेकंदांत २४ हेलकावे, पाच-दोनमध्ये ३६, दोन-सहामध्ये २७. दोन हा पाचच्या खाली असल्यामुळे तिथे मात्र तो उतरवल्याने जोडी रुंदावते. ते बरोबर आहे. शेवटी सहा आणि तीन एकत्र दाबा : सुमारे ४० आले पाहिजेत. जास्त आले, तर आधीच्या जोड्यांत कुठेतरी सूर पुरेसा उतरवलेला नाही. परत एकपासून सुरू करा, मधेच डागडुजी नको.

उरलेले सात सूर सोपे, सगळे हेलकाव्यांशिवाय. पाचवरून सात, दोनवरून काळी तीन, सहावरून काळी एक, तीनवरून काळी चार, हे शुद्ध गांधार वरच्या दिशेने. सहावरून खाली चार, दोनवरून खाली काळी पाच, पाचवरून खाली काळी दोन.

कीबोर्डमध्ये सेंट भरायची सोय असेल तर हे आकडे टाका. पांढऱ्या एक ते सात : ०, −७, −१४, +३, −३, −१०, −१७. काळ्या एक ते पाच : −२४, +१०, −२१, −२७, +७.

आता खोट. काळी चारला षड्ज धरलात, तर तिचा पंचम काळी दोनवर ३६ सेंट चढा येतो. ऑर्गनवाले याला 'लांडगा' म्हणत, आणि ओरडणाऱ्या लांडग्याने रानातच राहावे, असे प्रेटोरियसचेही म्हणणे होते. पांढरी सात षड्ज केली, तर गांधार ४१ सेंट चढा. म्हणून ही सुरावट कुठल्याही पट्टीत गाणाऱ्यांच्या साथीला चालत नाही. उपाय तेव्हाही शोधले गेले : प्राग दरबारचा ऑर्गनवादक कार्ल लुइटॉन याच्याकडचे चार सप्तकांत ७७ पट्ट्या असलेले वाद्य प्रेटोरियसने वर्णिले आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुति-हार्मोनियमसाठी (सप्तकात बारापेक्षा जास्त सूर असलेल्या पेटीसाठी) केलेली खटपट ज्यांना माहीत आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

हार्मोनियमवर हा प्रयोग करू नका. पितळी पात टोकाशी घासली तर सूर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो. पण घासलेले पितळ परत येत नाही.

नाताळला प्रेटोरियसचे 'एस इस्ट आइन रोस' हे जर्मन नाताळगीत बसवतो आहोत. ओळीच्या शेवटी सगळे गडबडतात. — वसई

१६०९ ची ही चौपदरी बांधणी प्रत्येक आवाजाच्या वेगळ्या पुस्तिकेत छापली होती. मात्रांच्या उभ्या रेघा नव्हत्या. आजच्या प्रतींत त्या नंतर घातल्या आहेत, आणि तुमची मंडळी रेघेनंतरच्या पहिल्या सुरावर जोर देत असणार. रेघा पेन्सिलीने खोडा, शब्द तालात नुसते बोलून घ्या, मग गा. श्वास ओळ संपल्यावरच.