दगडातला मऊ प्राणी

प्रश्न : हाडं, शिंपले दगडात टिकतात हे पटतं. पण हाड नाही, शिंपला नाही, असे ५० कोटी वर्षांपूर्वीचे प्राणी कसे टिकले? त्यांवरून कळतं तरी काय?
– एक वाचक, औसा

उत्तर : एरवी टिकत नाहीतच. कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकाच्या थरांत (सुमारे ५०.८ कोटी वर्षं) बारीक गाळाच्या लोंढ्यांखाली प्राणी गाडले गेले, प्राणवायू तुटला, कुजणं अर्ध्यावर थांबलं. उरला कार्बनचा पापुद्रा. तो तिरप्या उजेडात चांगला दिसतो. चीनमधल्या चेंगजियांगला (५१.८ कोटी) शरीरावर पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) साचलं आणि पुढे गंजलं, म्हणून तिथले जीवाश्म पिवळट दगडावर तांबूस उमटलेले असतात.

अॅनोमॅलोकॅरिस या तेव्हाच्या समुद्री प्राण्याच्या गटातल्या शिकाऱ्यांचंच बघा. पुढची नांगी सापडली तेव्हा ती कोळंबी वाटली, तोंडाची चकती जेलीफिश वाटली. सगळं एकाच शरीराचं आहे, हे १९८५ साली व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी दाखवलं. ऑस्ट्रेलियातल्या एका नमुन्याच्या एकेका डोळ्यात १६,००० हून जास्त भिंगं आहेत, आणि धड मात्र मऊ! म्हणजे खेकडे-कीटकांच्या वंशात असे डोळे आधी आले, अंगभर टणक कवच नंतर.

पण अर्धवट कुजलेला प्राणी फसवतो. लॅम्प्रे या बिनजबड्याच्या माशाच्या अळ्या मुद्दाम कुजवून पाहिल्या, तर उत्क्रांतीत नंतर आलेली वैशिष्ट्यं आधी नाहीशी होतात आणि जुनी मागे राहतात असं दिसलं. त्यामुळे प्राणी होता त्यापेक्षा ‘आदिम’ ठरतो. एखादा अवयव दिसत नाही तेव्हा तो नव्हता की कुजला, हे आधी ठरवावं लागतं.

प्रश्न : विहिरीच्या दगडात नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी निघाली. जीवाश्म आहे का?
– एक वाचक, केज

उत्तर : बहुधा नाही. आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात पान जळूनच जाईल. ही नक्षी फटीत झिरपलेल्या पाण्यातल्या मँगनीजची असते. भिंगातून बघा : पानाला मधली शीर असते, हिला फक्त फाटे फुटत जातात, तेही फटीच्याच पातळीत. दगड स्वच्छ धुऊन वाळवा (माती राहिली तर तीही फेसाळते) आणि औषधाच्या दुकानातल्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाका. काळ्या रेघेवरच बुडबुडे आले, तर मँगनीज.

खरे जीवाश्म हवे असतील तर लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेला तळ्याचा गाळ शोधावा. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी मिळतात. मांजरा-गोदावरीच्या काठच्या वाळू-गोट्यांत हत्तीची हाडं निघाली आहेत, पण ती फारच अलीकडची. ५० कोटी वर्षांपूर्वीचे प्राणी मात्र या काळ्या दगडात कितीही खोल खणलं तरी नाहीत.