झेरमाटचा नाताळ, साडेअकरा लाखांचं कोटेशन आणि मुलीचा फंड

प्रश्न: आम्ही पुण्यात राहतो, दोघंही आयटीत. हातात मिळून महिन्याला १ लाख ९० हजार येतात. घराचा हप्ता ६२ हजार, एसआयपी ३० हजार आणि घरखर्च वजा जाता पंचवीसेक हजार उरतात. दोघांचा मिळून वर्षाला दीड लाख बोनस येतो, तो कुठे जातो कळत नाही. मुलगी ११ वर्षांची, सीबीएसई शाळेत. तिच्या शिक्षणासाठी इक्विटी फंडात ९ लाख जमलेत, अडीअडचणीसाठी एफडीत ४ लाख आहेत आणि फिरण्यासाठी वेगळे अडीच लाख. येत्या नाताळात स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला आठ दिवस स्कीइंगला जायचं मनात आहे. त्या गावात गाड्याच नाहीत, मुलीला बर्फात मोकळं सोडता येईल. टूर कंपनीने तिघांचे साडेअकरा लाख सांगितलेत. उरलेले ९ लाख फंडातून काढावेत की पर्सनल लोन घ्यावं? आमच्यापैकी कुणीही आजवर स्कीइंग केलेलं नाही.

उत्तर: आधी आकडे पाहू, कारण तुमचे दोन पर्याय कागदावर वेगळे दिसत असले तरी घाव एकाच जागी घालतात.

९ लाखांचं कर्ज, १३ टक्के व्याज, तीन वर्षं मुदत धरली तर हप्ता येतो साधारण ३० हजार ३०० रुपये. तुमच्याकडे उरतात पंचवीस. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून पाच हजार कुठून तरी काढावे लागणार, आणि ते एसआयपीतून निघणार हे मी आत्ताच सांगतो. वर तीन वर्षांत १ लाख ९० हजारांच्या पुढे व्याज. फंडातून काढलेत तर व्याज नाही, पण मुलीचा अख्खा फंड रिकामा. हे ९ लाख सात वर्षं तसेच राहिले आणि १० टक्क्यांनी वाढले, तर ती कॉलेजात जाईल तेव्हा साडेसतरा लाखांच्या आसपास असतील. शिवाय काढताना सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर. एफडीतल्या चार लाखांकडे तर पाहूच नका. हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला १ लाख ३५ हजार लागतात, म्हणजे ती रक्कम जेमतेम तीन महिन्यांची आहे.

तर कर्जही नको आणि फंडालाही हात नको. पण सहल रद्द करा असंही मी म्हणणार नाही. मुलगी अकरा वर्षांची आहे, आईबाबांबरोबर बर्फात लोळण्याची हौस असणारी फार वर्षं उरलेली नाहीत. ‘हे पैसे गुंतवले असते तर’ असा हिशेब प्रत्येक सुट्टीला लावणारे सल्लागार मला आवडत नाहीत. माझा आक्षेप आहे तो या कोटेशनमध्ये तुम्ही नेमकं काय विकत घेताय, याला.

झेरमाट म्हणजे मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याचं गाव. तिथून लिफ्टने (म्हणजे स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या रोपवेने) थेट इटलीतल्या चेर्विनियापर्यंत स्की करत जाता येतं, दोन्ही बाजू मिळून सुमारे ३६० किलोमीटरच्या उतारांचं जाळं आहे, आणि सर्वांत वरचं लिफ्टचं स्टेशन ३,८८३ मीटरवर. तिथला लिफ्टचा पास महाग असतो तो या सगळ्यासाठी. पहिल्यांदा स्की पायात घालणारा माणूस मात्र पहिले तीन दिवस शिकाऊ पट्ट्यावरच असतो. तिथे उभं राहणं, थांबणं आणि पडल्यावर उठणं एवढाच अभ्यासक्रम. ज्या डोंगराचे पैसे भरलेत, त्यावर तुम्ही जाणारच नाही. त्यात नाताळ ते नवीन वर्ष हा आल्प्समधला सर्वांत महाग आठवडा, आणि झेरमाट हे स्वित्झर्लंडच्या महागड्या गावांपैकी एक.

तुमच्या कोटेशनमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. भारतातून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पॅकेजमध्ये ‘स्नो अ‍ॅक्टिव्हिटी’ असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात तो तासा-दोन तासांचा घसरगाडीचा खेळ निघतो. स्कीचा पास किती दिवसांचा, बूट-हेल्मेटसह सामानाचं भाडं धरलंय का, प्रशिक्षक आहे का, हे तिन्ही लेखी मागा. उत्तर गोलमोल आलं तर त्या साडेअकरा लाखांवर आणखी लाख-दीड लाख मोजायची तयारी ठेवावी लागेल.

आता गाड्या नसलेल्या गावाबद्दल. ही कल्पना मला मनापासून पटते, लहान मुलं असतील तर विशेषच. पण अशी गावं एकटं झेरमाट नाही. लाउटरब्रुनेनच्या दरीवर एका बाजूला वेंगेन आहे, दुसऱ्या बाजूला म्युरेन. वेंगेनला दातेरी रुळावरची रेल्वे जाते. १९३० पासून चालत आलेली लाउबरहॉर्न स्की शर्यत तिथलीच, तिच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर, तिकडे फिरकू नये. म्युरेन देखणं आहे (स्लॅलम, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरण्याच्या शर्यतीचं आजचं रूप १९२२ मध्ये तिथे ठरलं), पण उतार तीव्र, नवख्यांना छातीत धडकी भरवणारे. सास-फे १,८०० मीटरवर, गाडी गावाच्या वेशीवर लावायची. आणि ऱ्होन नदीच्या खोऱ्यावरच्या पठारावर रीडरआल्प आणि बेटमेरआल्प.

तुमच्यासाठी मी बेटमेरआल्प निवडेन. दरीतल्या ब्रिग शहरातून छोट्या रेल्वेगाडीने बेटनच्या खालच्या स्टेशनवर उतरायचं आणि रोपवेने वर. गाव साधारण १,९५० मीटरवर, उन्हाच्या बाजूला, सोपे रुंद उतार घरांच्या दारापर्यंत येणारे. वरच्या कड्यावरून आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, आलेच, दिसते. हवा स्वच्छ असेल तर मॅटरहॉर्नही दिसतो, फक्त दुरून. फोटोत झेरमाट हवंच असेल तर एक दिवस रेल्वेने जाऊन या. ते गाव पाहायला तिथे सात रात्री झोपायची गरज नाही.

गाड्या नसण्याचा खर्चावर दोन्हीकडून परिणाम होतो. गाडीचं भाडं आणि पार्किंग वाचतं, कारण स्वित्झर्लंडची रेल्वे तुम्हाला विमानतळापासून रोपवेच्या तोंडाशी आणून सोडते. उलट, वर लागणारी प्रत्येक वस्तू रेल्वेने किंवा रोपवेने चढवावी लागते, राहायला जागा मोजकी, त्यामुळे वर सगळंच दरीतल्यापेक्षा महाग. काही जण यावर उपाय म्हणून खाली राहतात; झेरमाटऐवजी टेशला, तिथून रेल्वेगाडी १२ मिनिटांत वर नेते. पैसे वाचतात हे खरं. पण मग संध्याकाळी मुलीला मोकळं सोडायला तुम्ही ज्या गावात जाणार होतात, ते गाव वर आणि तुम्ही मोटाररस्त्याकडेला खाली. ही काटकसर मी सुचवणार नाही.

तारीख कोणती? सीबीएसईच्या परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत आटोपतात, नवं सत्र एप्रिलच्या सुरुवातीला. युरोपातल्या फेब्रुवारीच्या शालेय सुट्ट्या तोवर संपलेल्या असतात. २०२८ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला आहे, म्हणजे १८ ते २५ मार्च २०२८ हा शनिवार ते शनिवार आठवडा नाताळाच्या मानाने बराच स्वस्त पडायला हवा. दिवस मोठा, ऊन चांगलं, आणि एवढ्या उंचीवर मार्चमध्ये बर्फ सहसा टिकून असतो. दुपारनंतर तो मऊ होतो, म्हणून शिकवणी सकाळची घ्या.

हो, २०२८, येता मार्च नाही. तुमच्या अडीच लाखांत दरमहा पंचवीस हजार टाकले तर आजपासून जवळपास २२ महिन्यांत आठ लाख होतात, व्याजासकट साडेआठच्या जवळ. आणि खर्चही तेवढाच निघतो. हिशेबासाठी मी स्विस फ्रँक १२० रुपये धरलाय. मुंबई-झ्युरिक विमान तिघांचं २ लाख २० हजार. व्हिसा आणि विमा ५५ हजार. स्वयंपाकघर असलेलं घर सात रात्री, १,४०० फ्रँक, म्हणजे १ लाख ७० हजार. रेल्वे ४५ हजार. पालकांकडे स्विस ट्रॅव्हल पास (रेल्वेप्रवासाचा पास) असेल तर फॅमिली कार्डावर सोळा वर्षांखालील मुलं फुकट प्रवास करतात. लिफ्टचा पास, सामान आणि शिकवणी मिळून तीन दिवसांचे १,५०० फ्रँक, १ लाख ८० हजार. जेवणखाण एक लाख, कपडे ३० हजार. झाले आठ लाख. वर पन्नास हजार हाताशी.

स्कीइंग तीनच दिवस धरलंय ते मुद्दाम. चौथ्या दिवशी नवख्यांची पोटरी बोलायला लागते. उरलेले दिवस घसरगाडी, बर्फातली पायवाट आणि नुसतं बसणं. ज्याला चौथा दिवस करावासा वाटेल त्याने तिथेच एका दिवसाचा पास काढावा.

थांबण्याची किंमतही आहे, ती लपवत नाही. बारा वर्षं पूर्ण झाली की विमानात मुलीचं पूर्ण तिकीट लागेल आणि शेंगेन व्हिसाची शुल्कसवलत जाईल (सध्या मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वयाला ४५). लिफ्टचा पास मात्र साधारण सोळापर्यंत लहान मुलांच्याच दराने मिळतो. दुसरी किंमत फ्रँकची. २०१५ च्या सुरुवातीला जो फ्रँक ६२ ते ७० रुपयांत मिळत होता, तो २०२५ संपताना ११० च्या वर होता. तुमच्या हिशेबात सुमारे ४,१०० फ्रँक आहेत, म्हणजे फ्रँक पाच रुपयांनी चढला की वीस हजारांचा फरक. सोसण्यासारखा आहे. शेवटच्या सहा महिन्यांत फॉरेक्स कार्डावर तीन-चार टप्प्यांत फ्रँक भरून घ्या. एकाच दिवसाच्या दरावर सगळं सोडू नका. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला बहुधा दोन ते साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो.

हे पैसे इक्विटीत नकोत, २२ महिने त्यासाठी कमी आहेत. रिकरिंग डिपॉझिट चालेल. तुम्ही आयकराच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर आर्बिट्राज फंड (रोख आणि वायदा बाजारातल्या भावफरकावर कमावणारा, कमी जोखमीचा म्युच्युअल फंड) करानंतर थोडा बरा पडू शकतो. पॅकेजच घेतलंत तर कंपनी टीसीएस कापेल. तो खर्च नाही, आगाऊ कर आहे, विवरणपत्रात वजा होतो. त्याचे दर गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदललेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर पाहा.

विम्यावर कंजूषी करू नका. व्हिसासाठी ३० हजार युरोंचं कवच सक्तीचं आहे, पण अनेक प्रवासविम्यांत स्कीइंग वगळलेलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये उतारावरून जखमीला खाली आणण्याचंही बिल जखमीलाच येतं, आणि हेलिकॉप्टर लागलं तर ते हजारो फ्रँकांत जातं. पॉलिसीत हिवाळी खेळ आणि बचावकार्य हे दोन्ही शब्द शोधा. सापडले नाहीत तर वेगळं कवच घ्या.

किराणा ब्रिगलाच भरा आणि शनिवारी दुकान बंद व्हायच्या आत भरा. रविवारी तिकडे बहुतेक दुकानं बंद असतात. पोहे, डाळ, मसाले घरून नेता येतील. तूप आणि पेढे ठेवून जा, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. घराचं भाडं पाहताना शेवटच्या साफसफाईचे पैसे आणि माणशी रात्रीचा स्थानिक कर त्यात आहे का तेही विचारा.

आणि या हिवाळ्यात काय? बोनसमधून सव्वा लाख काढून जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत गुलमर्गला जा. मुलीची शाळा चार दिवस बुडेल, बुडू द्या. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व पर्वतारोहण संस्था तिथे आहे, खाजगी प्रशिक्षकही मिळतात, आणि सोपे उतार गावालगतच आहेत. तिघांना आवडलं तर स्वित्झर्लंडमधले तीन दिवस शिकाऊ पट्ट्यावर जाणार नाहीत. एखाद्याला थंडी आणि पडापडी अजिबात झेपली नाही, तर त्याच्या पासाचे आणि शिकवणीचे पाचशे फ्रँक तुम्ही वाचवलेत, आणि बेटमेरआल्पला तो माणूस उन्हात बसून कॉफी पिऊ शकतो.

टूर कंपनीला अजून टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर रद्द करण्याच्या अटी आजच वाचा. परताव्याची टक्केवारी प्रवासाची तारीख जवळ येईल तशी पायरीपायरीने उतरते, आणि डिसेंबरची सहल रद्द करायला दिवाळीपर्यंत थांबणं सर्वांत महागात पडेल.